टेकडीवरची सगळ्यात धोकादायक बाई

सात नंबरच्या टॉवरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या तसादितला सगळी टेकडी मावशी म्हणायची. इन्स्पेक्टर वियारच्या डोक्यावर ताक ओतणारी बाई ती हीच, हेही सगळ्या टेकडीला ठाऊक होतं. एक पोलीस चौकी तेवढी सोडून.

झालं होतं असं. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या ले सोर्बिये वसाहतीतल्या पोरांच्या अंगात आलं होतं. खाली फ्रान्सच्या ल्यों शहरात जायचं, एखादी चकचकीत गाडी उचलायची, टेकडीवर आणून चार नंबरसमोरच्या मैदानात गरागरा फिरवायची आणि शेवटी पेटवून द्यायची. सगळ्या खिडक्या तमाशाला भरलेल्या. मग पोलीस यायचे, दगड यायचे, टीव्हीवाले यायचे. टीव्हीवर आमच्या टेकडीचं नाव घेताना निवेदिकेचा चेहरा असा व्हायचा, जसं काही तिच्या ताटात केस निघालाय. परदेशातून मजुरीला आलेल्यांची ही पोरं इथंच जन्मलेली, इथल्याच शाळेत गेलेली. पण नोकरी मागायला गेली की आधी नाव विचारायचे आणि नाव ऐकलं की जागा भरली म्हणायचे. वय सतरा-अठरा, दिवस लांबलचक आणि हातात काही काम नाही. आग कुठून लागते हे सांगायला पंडित कशाला पाहिजे?

तर त्या दिवशी रोजा सुटायला थोडा वेळ होता. तसादितनं दुपारभर घुसळून भांडंभर ताक केलं होतं आणि गार व्हायला खिडकीत ठेवलं होतं. खाली इन्स्पेक्टर वियारनं रशीदला पकडलं. हा रशीद म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या फत्तूमाचा मुलगा. बरं, पकडलं ते पकडलं, पण केसांना धरून फरफटत नेऊ लागला, तेही त्याच्या आईच्या देखत. तसादितनं वरून दोन हाका मारल्या. वियारनं मान वर करूनही पाहिलं नाही. मग काय, तिनं भांडं उचललं आणि उपडं केलं.

वियारचा गणवेश नवा होता. त्यानं तोंड पुसलं, वर पाहिलं, तोवर सगळ्या खिडक्या बंद. रशीदला दोन तास चौकीत बसवून विचारलं, कुणी टाकलं? पोरगं म्हणालं, "आभाळातून पडलं." तिसऱ्यांदाही तेच म्हणालं. तेव्हापासून चौकीच्या लेखी रशीद हा टेकडीवरचा एक नंबरचा निर्ढावलेला गुंड ठरला, आणि वियारला त्याचे सहकारी त्यांच्या भाषेत 'दहीवडे काका'सारखं काहीतरी म्हणू लागले. तसादितच्या घरी त्या संध्याकाळी रोजा नुसत्या पाण्यावर सुटला. तिचा नवरा मोक्रान एवढंच म्हणाला, "निदान अर्धं तरी ठेवायचं होतंस."

अशी ही बाई. अल्जीरियातल्या कबायलीच्या डोंगरातल्या खेड्यातून वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे आली. अल्जियर्सहून मार्सेयला येणारी बोट रात्रीची होती. ती सगळी रात्र हिनं बोटीच्या तळाशी एका बादलीत तोंड घालून काढली आणि सकाळी कुणीतरी धरून खाली उतरवलं. म्हणजे बाईनं समुद्र ओलांडला, पण पाहिला नाही. त्यानंतर आधी पत्र्याची झोपडी, मग ही टॉवरमधली खोली. इथं पहिल्यांदा नळ उघडला तेव्हा अर्धा तास नुसती पाण्याकडे बघत बसली होती. बाजारात दोन किमती आणि चार भांडणं निभावतील एवढी फ्रेंच शिकली. लिफ्ट बंद पडली की जिन्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घ्यायची: कुणाचं काय बिनसलं, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या घरात आज चूल पेटली नाही. आणि चूल पेटली नाही असं कळलं की काही न बोलता एक झाकलेलं ताट त्या दारी जायचं.

तिचा मेझियान सतरा वर्षांचा. टेकडीवर दुर्मिळ म्हणावा असा सरळ पोरगा. लिफ्ट बंद असली की म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर नेऊन द्यायचा. गाड्या पेटायच्या तेव्हा हा खिडकीतून बघायचा, खाली जायचा नाही. तसादितला त्याचा कोण अभिमान! फत्तूमाला ती सारखी ऐकवायची, "माझ्या पोटचा आहे तो, तुझ्यासारखे कोळसे नाही जन्माला घातले मी." फत्तूमाही काही कमी नाही. म्हणायची, "बाई गं, तुझं पोरगं नाही, उशीचा अभ्रा आहे तो. धुवा, वाळवा, घडी घाला."

आणि मग यंदाचा उन्हाळा आला.

सरकार घाबरलं होतं. पुन्हा गाड्या पेटल्या तर काय, म्हणून पॅरिसमध्ये डोकी एकत्र आली आणि एक अफलातून तोड निघाली: दंगा करणाऱ्या पोरांना उन्हाळ्यात टेकडीवर ठेवायचंच नाही. उचलायचं आणि समुद्रावर न्यायचं. तंबू, होड्या, पोहणं, वर पॉकेटमनी! पहिली बस जुलैच्या सुरुवातीला सुटली. रमजान चालू आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पोरांना वाटेत डुकराच्या हॅमचे सँडविच दिले आणि पोरांनी ते ड्रायव्हरच्या पिशवीत परत भरले. पण रशीद दहा दिवसांनी परत आला तो काळाकुळकुळीत होऊन, आणि नुसता समुद्र, समुद्र करत. टॉवरच्या पायऱ्यांवर बसून असा सांगायचा, जणू समुद्र त्याच्या काकाच्या मालकीचा आहे.

मेझियान खालच्या पायरीवर बसून ऐकायचा. एका संध्याकाळी रोजा सोडताना म्हणाला, "आई, मला का नाही नेलं?"

"नेतील रे. नंबर लागेल."

"नाही लागणार. मी विचारून आलो. म्हणे, ही सोय धोक्यातल्या मुलांसाठी आहे. मी धोक्यात नाही." मग चमचा ताटात ठेवत म्हणाला, "एक गाडी पेटवली असती तर आज पोहता येत असतं."

मोक्रान वीस वर्षं गाड्यांच्या कारखान्यात रंग मारत होता. त्याला हसू आलं. "वा! मी गाड्या रंगवतो, मला कुणी समुद्र दाखवला नाही. ते गाड्या जाळतात आणि पोहायला जातात. उद्यापासून मी पण काडेपेटी घेऊन कामावर जातो."

तसादित हसली नाही. कारण दोन दिवसांपासून रव्याचं कुस्कुस शिजवायच्या भांड्याच्या झाकणाची मूठ ढिली झाली होती, आणि ती आवळायला फडताळात घातलेला हात रिकामा परत आला होता. तिथला पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर जागेवर नव्हता. टेकडीवरच्या कुठल्याही आईला विचारा, गाडी किल्लीशिवाय कशानं सुरू होते ते.

"मेझियान, स्क्रू ड्रायव्हर पाहिलास का रे?"

"मला काय माहीत?" तो म्हणाला आणि तिच्याकडे पाहिलं नाही. सकाळी तो झोपलेला असताना तिनं दारामागचं जॅकेट चाचपलं. अस्तराच्या फाटक्या शिवणीतून पिवळी मूठ बाहेर डोकावत होती.  ओरडावं तर पोरगं घराबाहेर पडेल, बापाला सांगावं तर बाप हात उगारेल, आणि गप्प बसावं तर आज नाही उद्या मैदानात एक गाडी गरागरा फिरेल आणि आत हिचा मेझियान असेल. तिनं मूठ होती तशी आत ढकलली, डोक्याला चांगला रुमाल बांधला आणि थेट नगरपालिकेत गेली.

तिथं उन्हाळ्याच्या कामासाठी पेरोशों नावाचा एक दाढीवाला तरुण नेमला होता. भला माणूस, पण नुकताच कॉलेजातून सुटलेला. प्रत्येक गोष्टीला 'प्रश्न गुंतागुंतीचा आहे' म्हणायची सवय. पोलीस आणि नगरपालिकेनं एका टेबलाशी बसावं असं नवं फर्मान निघालं होतं, त्यामुळे त्याच्या शेजारी, तोंड आंबट करून, साक्षात इन्स्पेक्टर वियार बसलेला.

तसादितनं त्याला पाहिलं आणि पाय क्षणभर दारातच अडला. मग म्हणाली, "साहेब, माझा मुलगा गुंड आहे. त्याला समुद्रावर न्या."

पेरोशोंनं पेन उचललं. "काय करतो तो?"

आता आली पंचाईत. खोटं बोलायचं हे घरून ठरवून आली होती, पण कुठलं ते ठरवायचं राहून गेलं होतं. "दुपारपर्यंत लोळतो," ती म्हणाली.

"आणि?"

"बापाला उलट बोलतो. त्याच्या वाटचं मांस खातो." तिला काही सुचेना. "आणि... आणि रोजेसुद्धा धरत नाही!" एवढं मोठं पाप पोराच्या माथी मारल्यावर तिनं लगेच तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागितली.

"मादाम, रोजे मीही धरत नाही," पेरोशों म्हणाला.

"कोण मुलगा?" वियारनं विचारलं. नाव ऐकलं आणि त्याला हसूच फुटलं. "मेझियान? तो म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलणारा? मादाम, त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला देतो मी, हवा तर."

कुणी पोराचं कौतुक केल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच तसादितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दाखल्यात पोहता येतं का, साहेब? म्हणजे माझ्या पोरानं आधी एक गाडी जाळून यायचं, मग तुम्ही त्याला होडीत बसवणार? जो शहाण्यासारखा घरी बसला त्यानं वर्षभर खिडकीतून बघायचं आणि उन्हाळ्यातही खिडकीतूनच बघायचं?"

पेरोशोंचे कान लाल झाले. "मादाम, तुमचं खरं आहे. प्रश्न गुंतागुंतीचा आहे. पण नियम असा की घरातून काहीतरी उपद्रव झालेला हवा."

"घरातून? मग घरातल्या कुणीही केला तर चालेल?"

"म्हणजे... तसं कुठं म्हटलेलं नाही."

 तसादितचं फ्रान्समध्ये राहण्याच्या परवानगीचं कार्ड डिसेंबरात नवं करायचं होतं, आणि ते चौकीतूनच पुढे जायचं. एक उलटा शेरा, की वीस वर्षं गुंडाळून परत बोटीत. (कार्ड पुढे मिळालं, उगाच तुमचा जीव टांगणीला लावत नाही. पण त्या वेळी तिला ते ठाऊक नव्हतं.) तिला पिवळी मूठ आठवली.

"मग लिहा," ती म्हणाली. "मागच्या वर्षी साहेबांच्या डोक्यावर ताक पडलं ते मी टाकलं."

वियार सावकाश उभा राहिला. पेरोशोंची खुर्ची करकरली.

"तुम्ही?"

"मी. घरी घुसळलेलं होतं, दुकानातलं नाही. चांगलं होतं हो. आम्ही त्या दिवशी पाण्यावर रोजा सोडला."

"का टाकलंत?"

"तुम्ही रशीदचे केस धरले होते. त्याची आई समोर उभी होती. मी दोन हाका मारल्या, तुम्ही ऐकलं नाहीत."

 वियार खिडकीशी गेला, परत आला. मग म्हणाला, "आठवडाभर गल्लीतली मांजरं माझ्या मागे होती. माझी बायको अजून..." आणि थांबला. "रशीदला मी दोन तास बसवून ठेवलं. त्याला ठाऊक होतं?"

"अख्ख्या टेकडीला ठाऊक होतं, साहेब. त्या गप्प बसण्यावरच तर तो गुंड ठरला आणि समुद्रावर जाऊन आला. माझ्या ताकावर तो पोहून आला बघा! ती जागा हक्कानं माझी होती. मी ती माझ्या पोराला देते."

आता हा माणूस टेबल उलथतो की काय असं पेरोशोंला वाटलं. वियारच्या मिशा मात्र थरथरायला लागल्या, आधी थोड्या, मग भरपूर, आणि शेवटी तो मटकन खुर्चीत बसून हसत सुटला. असा हसला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. डोळे पुसत म्हणाला, "लिहा, पेरोशों. ही टेकडीवरची सगळ्यात धोकादायक बाई आहे. ऑगस्टमध्ये हिला इथं ठेवणं पोलिसांच्या तब्येतीला बरं नाही. दोन जागा लिहा. एक हिची, एक पोराची."

"आणि कार्ड?" तसादितनं हळूच विचारलं.

"कार्ड डिसेंबरात. तोवर माझा राग उतरतो का बघू." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "केस धरायला नको होते. ते माझं चुकलं."

ही बातमी तसादितनं फक्त फत्तूमाला सांगितली. म्हणजे झालंच. दुसऱ्या दिवशी नगरपालिका उघडली तेव्हा दारात बायकांची ही गर्दी! सगळ्या नटून, रुमाल बांधून, मागच्या वर्षी खिडकीतून पोलिसांवर जे जे टाकलं ते गुन्हे कबूल करायला आलेल्या. फत्तूमा सगळ्यात पुढे: "टोमॅटो मी टाकले. पिकलेले." मागून एक ओरडली, "लाकडी चप्पल माझी होती, साहेब, परत द्या!" एकीनं कुकरचं झाकण कबूल केलं. चार नंबरची पोर्तुगीज दोना अल्दिना, जिच्या तोंडून कधी कुणी शब्द ऐकला नव्हता, ती छातीवर क्रूस काढून म्हणाली की तो वाळवलेला मासा तिनं फेकला होता, आणि तेवढा महाग मासा फेकल्याचं तिला अजून वाईट वाटतं.

"तो मासा तुमचा?" वियार कळवळून म्हणाला. "अहो, माझ्या हवालदाराला तीन टाके पडले होते!"

"साहेब, माझी मुलगी फार धोक्यात आहे," एक म्हणाली. "मुली पण बसवता का बसमध्ये? की त्यांनी आधी काही पेटवायला पाहिजे?"

पेरोशोंनं पॅरिसला फोन लावला. तिकडच्या साहेबाला वाटलं, टेकडी पुन्हा पेटली. पेरोशों म्हणाला, पेटली नाही, पण नगरपालिकेत साठ आया बसल्यात आणि उठत नाहीत. सरकारला पोरांच्या दगडांची सवय झाली होती, आयांची नव्हती. चार बस मंजूर झाल्या. त्यात गुंड, सरळ, मुलगे, मुली, आया, सगळे. ईद झाल्यावर निघाल्या. या वेळी सँडविचची जबाबदारी फत्तूमाकडे होती, त्यामुळे ड्रायव्हरसुद्धा तृप्त झाला.

समुद्र दिसला तेव्हा बसमध्ये कालवा झाला. तसादित मात्र बोलेना. वाळूत उतरली, चपला हातात घेतल्या आणि अंगातल्या झग्यासकट सरळ कमरेपर्यंत पाण्यात गेली. "अगं, किती हा!" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. फत्तूमानं पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही. बादलीतून एवढा वाटला नव्हता."

मेझियान मात्र पहिले तीन दिवस पाण्याकडे फिरकला नाही. एवढ्या उन्हात जॅकेट घालून तंबूच्या सावलीत बसायचा. पोरं चिडवायची, "काय रे, पिशव्या उचलायला कुणी म्हातारी नाही का इथं?" तो हसायचा आणि अस्तरावर हात ठेवायचा. ते जॅकेट अंगावरून का उतरत नाही, हे अख्ख्या किनाऱ्यावर फक्त त्याच्या आईला ठाऊक होतं. ती बघत होती आणि आतल्या आत जळत होती. एवढा समुद्र आणला समोर, तरी पोरगं टेकडीवरच बसलंय, असं तिला झालं होतं.

चौथ्या दिवशी रशीद पाण्यातून आला, ओला हात त्याच्या मानेवर ठेवून म्हणाला, "चल रे. तुझ्या आईमुळे माझा एक समुद्र झाला, तो तुला परत करायचाय. होडी वल्हवायला एक माणूस कमी आहे." मेझियाननं थोडा वेळ विचार केला. मग जॅकेट काढलं, गुंडाळलं, आईच्या मांडीवर टाकलं आणि धावत सुटला.

जॅकेट तसादितच्या मांडीवर पडून होतं. आत पिवळी मूठ हाताला लागत होती. दोनदा तिचा हात अस्तरापाशी गेला. एकदा वाटलं, स्क्रू ड्रायव्हर काढावा आणि द्यावा समुद्रात फेकून, कटकट मिटेल. पण लांब पाण्यात मेझियान हसत होता, मोठ्यानं, लहानपणी हसायचा तसा, आणि त्यानं जॅकेट दुसऱ्या कुणाकडे नाही, तिच्याकडे टाकलं होतं. तिनं ते झटकून घडी घातलं आणि संध्याकाळी होतं तसं परत केलं. त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं विचारलं, "भूक लागली का?"

टेकडीवर परत आल्यावर दुसऱ्या दिवशी तसादितनं कुस्कुसचं भांडं चुलीवर चढवलं. वाफ आल्यावर झाकण उचलायला गेली, चटका बसणार म्हणून सवयीनं फडकं घेतलं. मूठ हलली नाही. तिनं ती धरून हलवून पाहिली, दोन्ही बाजूंना, जोर लावून. घट्ट! फडताळ उघडलं. पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर आपल्या जागी होता आणि त्याच्या मुठीच्या खाचेत वाळू बसली होती. बाहेरच्या खोलीत मेझियान बापाशी फुटबॉलवरून वाद घालत होता.

तसादितच्या काळजावरचा धोंडा असा काही उतरला की तिला राहवेना. तिनं खिडकी धाडकन उघडली, मान मागे टाकली आणि जीभ टाळ्याशी नाचवत, लग्नात काढतात तशी एक लांबलचक ललकारी काढली. वरून फत्तूमानं काही न विचारता तिला साथ दिली. मग सहावा मजला, मग समोरचा टॉवर. कुणालाच माहीत नव्हतं लग्न कुणाचं, पण सगळ्या खिडक्या गाऊ लागल्या.

खाली गस्तीवर आलेल्या इन्स्पेक्टर वियारनं खिडक्यांचा आवाज ऐकला मात्र, टुणकन उडी मारून पलीकडच्या फुटपाथवर गेला. तिथून टोपी सावरत त्यानं वर पाहिलं.

"मादाम, हातात काही नाही ना?"

"आहे, साहेब!" तसादित वरून ओरडली आणि भांड्याचं झाकण मुठीला धरून त्याला दाखवलं. "जेवायला या! या वेळी ताक पेल्यातून देते!"